चुंबकाने परत मिळणारे नॅनो-उत्प्रेरक: बनवणे, मोजणे आणि पारखणे

कोलशेतकर

नमस्कार. ठाण्यातील एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना मी मार्गदर्शन करतो. यंदा एका गटाने मॅग्नेटाइटचे (लोहाच्या काळ्या, चुंबकीय ऑक्साइडचे) नॅनोकण बनवून, त्यांवर सिलिकाचा थर देऊन आणि त्या थरावर पॅलेडियम बसवून सुझुकी अभिक्रियेसाठी (दोन सेंद्रिय रेणू कार्बन-कार्बन बंधाने जोडणाऱ्या अभिक्रियेसाठी) उत्प्रेरक तयार करण्याचे ठरवले आहे. अभिक्रिया संपली की फ्लास्कच्या बाहेरून चुंबक लावायचा, द्रावण ओतून घ्यायचे आणि तळाशी राहिलेला उत्प्रेरक पुन्हा वापरायचा, ही कल्पना विद्यार्थ्यांना लगेच भावते आणि प्रात्यक्षिकात ती दिसतेही छान.

आतापर्यंत केवळ मॅग्नेटाइट बनवून झाले आहे. एक्सआरडीच्या (क्ष-किरण विवर्तनाच्या) शिखरांवरून कणांचा आकार सुमारे ११ नॅनोमीटर येतो. व्हीएसएमवर (चुंबकन मोजण्याच्या यंत्रावर) मोजलेले संपृक्त चुंबकन, म्हणजे तीव्र क्षेत्रात मिळणारे कमाल चुंबकन, ५२ इएमयू (चुंबकीय आघूर्णाचे एकक) प्रति ग्रॅम आले आहे, तर पुस्तकांत मॅग्नेटाइटसाठी ९२ च्या आसपासचा आकडा दिलेला असतो. हा फरक नमुना बिघडल्याचे लक्षण मानावा की नाही, यावर आमच्याकडे एकमत नाही. शिवाय बहुतेक शोधनिबंधांत शेवटी एक तक्ता असतो, त्यात उत्प्रेरक सात-आठ वेळा वापरूनही उतारा (मिळालेल्या उत्पादनाचे प्रमाण) ९५ टक्क्यांच्या खाली जात नाही, आणि तरीही ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या माझ्या ओळखीच्या एकाही कारखान्यात असा उत्प्रेरक वापरात नाही. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा? येथे साहित्यविज्ञानातले, भौतिकशास्त्रातले आणि प्रत्यक्ष उत्पादनात काम केलेले सदस्य आहेत, म्हणून हा धागा काढला आहे.

अनघा_ऐरोली

सर, आधी बनवण्याच्या पद्धतीविषयी लिहिते, कारण पुढचे बरेचसे गुणदोष तिथेच ठरतात.

आपल्या विद्यार्थ्यांनी बहुधा सहअवक्षेपणाची पद्धत वापरली असावी. फ्रान्समध्ये रेने मासार यांनी १९८१ मध्ये ती रूढ केली आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी आजही तीच सर्वांत सोयीची आहे. फेरस आणि फेरिक क्षार १:२ या मोल-प्रमाणात पाण्यात विरघळवायचे आणि त्यात अल्कली घालायचे, की काळा अवक्षेप तत्काळ खाली बसतो. उदाहरणार्थ, २० मिलिमोल फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट म्हणजे ५.४१ ग्रॅम आणि १० मिलिमोल फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट म्हणजे १.९९ ग्रॅम घेतले, तर सैद्धांतिक उतारा सुमारे २.३ ग्रॅम मॅग्नेटाइट इतका येतो. त्यासाठी ८० मिलिमोल हायड्रॉक्साइड लागते, पण व्यवहारात अमोनिया बराच जास्त घालून पीएच १० च्या आसपास ठेवतात.

येथे दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होते. पहिली म्हणजे फेरस क्षाराचे वय. कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या बाटलीतला फेरस क्लोराइड अंशतः फेरिक झालेला असतो आणि मग वजन कितीही काटेकोर केले तरी १:२ हे प्रमाण द्रावणात उरत नाही. फिकट हिरव्या रंगाऐवजी पिवळट-तपकिरी झाक दिसली तर ती बाटली बाजूला ठेवावी. दुसरी म्हणजे हवा. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन काढण्यासाठी नायट्रोजनचे बुडबुडे आधी अर्धा तास सोडावेत आणि अवक्षेपण चालू असतानाही प्रवाह बंद करू नये. नाहीतर काळ्या मॅग्नेटाइटबरोबर तपकिरी मॅग्हेमाइट (सगळे लोह फेरिक झालेला, पण चुंबकीयच ऑक्साइड) आणि काही वेळा चुंबकाला दाद न देणारे गोथाइटही तयार होते.

कणांचा आकार अल्कली किती झपाट्याने मिसळते यावर फार अवलंबून असतो. सगळीकडे एकदम बीजकण तयार झाले तर ते पुष्कळ आणि लहान राहतात. अमोनिया थेंबाथेंबाने घातला तर आधी तयार झालेले कण वाढत राहतात, त्याच वेळी नवे कणही जन्मत राहतात, आणि नमुन्यात ५ पासून २० नॅनोमीटरपर्यंतचे सगळे एकत्र सापडतात. एकसारखे कण हवे असतील तर सेंद्रिय द्रावकात, ओलेइक आम्लाच्या उपस्थितीत, लोहाच्या संयुगाचे ३०० अंश सेल्सियसच्या आसपास विघटन करण्याची पद्धत आहे. तिने फार देखणे कण मिळतात, पण त्यांच्यावर तेलकट आवरण असते, ते पाण्यात पसरत नाहीत आणि उत्प्रेरकासाठी हवा असलेला पृष्ठभाग त्या आवरणाखाली झाकलेला राहतो. तिसरा मार्ग एथिलीन ग्लायकॉलमध्ये सोडियम अ‍ॅसिटेटबरोबर २०० अंशांवर बंद ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या भांड्यात) तापवण्याचा. त्यात लहान स्फटिकांचे शेकडो नॅनोमीटर व्यासाचे गोल पुंजके मिळतात. माझ्या मते उत्प्रेरकाच्या आधारासाठी हा तिसरा मार्ग सर्वांत उपयोगी आहे. त्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे, म्हणून ते लोहचुंबक यांनी सांगितलेले बरे.

लोहचुंबक

अनघाताईंनी बोलावलेच आहे, तर आधी ५२ या आकड्याविषयी लिहितो.

मॅग्नेटाइटच्या मोठ्या स्फटिकात लोहाचे आयन दोन प्रकारच्या जागांवर असतात आणि त्या दोन गटांची चुंबकीय आघूर्णे एकमेकांच्या विरुद्ध दिशांना असतात. बेरीज-वजाबाकी होऊन जे उरते ते आपल्याला ९२ इएमयू प्रति ग्रॅम म्हणून दिसते. कण लहान झाला की पृष्ठभागावरच्या आयनांचे शेजारी तुटतात, त्यांची आघूर्णे वेडीवाकडी वळतात, आणि बाहेरचा सुमारे एक नॅनोमीटरचा थर चुंबकनात जवळजवळ भागच घेत नाही, असे ढोबळमानाने धरता येते. ११ नॅनोमीटरच्या कणात मग ९ नॅनोमीटरचाच गाभा कामाचा उरतो. नऊ भागिले अकराचा घन केला तर ०.५५ येतो आणि ९२ ला त्याने गुणले तर ५० मिळतात. आपला ५२ हा आकडा त्यामुळे अगदी अपेक्षित आहे, कोलशेतकर सर. उलट ११ नॅनोमीटरच्या नमुन्यासाठी कोणी ९० लिहिले असते तर मी त्या व्हीएसएमचे कॅलिब्रेशन तपासायला सांगितले असते.

सिलिकाचा थर दिल्यावर हा आकडा आणखी खाली येईल. त्याचे कारण मुख्यतः इतकेच, की आपण भागाकार एकूण वजनाने करतो आणि सिलिका अचुंबकीय आहे. वजनात ३० टक्के सिलिका असेल तर ५२ चे ३६ होतील आणि तरीही आतल्या मॅग्नेटाइटला काहीही झालेले नसेल. शोधनिबंधांत या घटीवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिलेले दिसतात, त्याची गरज नसते.

आता आकाराचा मुद्दा. लुई नेएल यांनी १९४९ मध्ये दाखवले, की पुरेशा लहान कणाचे संपूर्ण चुंबकत्व उष्णतेच्या हेलकाव्यांनीच आपोआप उलटसुलट होत राहते. उलटण्यास लागणारा काळ कणाच्या आकारमानावर घातांकी पद्धतीने अवलंबून असतो, आणि हा घातांक काय करतो हे आकड्यांतच पाहावे. मॅग्नेटाइटचा असमदिकता स्थिरांक (चुंबकत्व आपल्या पसंतीच्या दिशेला किती घट्ट धरून असते त्याचे माप) १२ हजार ज्यूल प्रति घनमीटर आणि मूळ काळ एक नॅनोसेकंद धरला, तर सामान्य तापमानाला ११ नॅनोमीटरचा कण सुमारे ७ नॅनोसेकंदांत उलटतो, २२ नॅनोमीटरचा कण सेकंदाच्या शंभराव्या भागात, २५ नॅनोमीटरचा सुमारे २० सेकंदांत आणि ३० नॅनोमीटरचा जवळजवळ २० वर्षांत! खऱ्या कणांत पृष्ठभागामुळे हा स्थिरांक वाढलेला असतो, त्यामुळे आकडे सरकतात, पण सीमा २० ते ३० नॅनोमीटरच्या दरम्यानच कुठेतरी पडते. त्या सीमेच्या खाली कण सुपरपॅरामॅग्नेटिक असतात: चुंबक जवळ असेपर्यंत खेचले जातात आणि तो दूर नेला की त्यांचे एकत्रित चुंबकत्व शून्यावर येते. उत्प्रेरकाला हेच हवे असते, कारण चुंबकत्व मागे उरले तर कण एकमेकांना चिकटून बसतात आणि पुढच्या वेळी नीट विखुरत नाहीत.

कोबाल्ट फेराइटचा (लोह आणि कोबाल्ट यांच्या चुंबकीय ऑक्साइडचा) असमदिकता स्थिरांक मॅग्नेटाइटच्या दहा पटींहून जास्त असल्यामुळे त्याची ही सीमा १० नॅनोमीटरच्या आसपासच येते. केवळ "फेराइट" म्हणून दोन्हींना एकच नियम लावता येत नाही.

पण येथे एक पेच आहे. एकट्या ११ नॅनोमीटरच्या कणावर हातातल्या निओडिमियम चुंबकाचे जे बल बसते, ते फार क्षीण असते. चुंबकीय क्षेत्र दर मीटरला ३० टेस्ला या दराने बदलते असे धरून हिशेब केला, तर पाण्यात त्या कणाचा वेग सेकंदाला एक मायक्रोमीटरच्या दशांशाइतका निघतो. म्हणजे एक सेंटिमीटर सरकायला एका दिवसाहून अधिक वेळ लागेल. वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून २०० नॅनोमीटरचा पुंजका तेवढेच अंतर पाचेक मिनिटांत कापतो. जेव्हा शोधनिबंधांतल्या छायाचित्रात काळे द्रावण अर्ध्या मिनिटात स्वच्छ झालेले दिसते, तेव्हा आपण सुटे नॅनोकण पाहत नसतो, त्यांचे मोठाले गठ्ठे पाहत असतो. अनघाताई ज्या पुंजक्यांच्या पद्धतीची बाजू घेत आहेत, त्यामागचे कारण हे: स्फटिक लहान असल्यामुळे सुपरपॅरामॅग्नेटिक वर्तन टिकते आणि पुंजका मोठा असल्यामुळे तो खेचला जातो.

भाग_दोन

सर, मी याच गटातली विद्यार्थिनी आहे. आमचा नमुना मॅग्नेटाइट आहे की मॅग्हेमाइट, हे एक्सआरडीवरून ठामपणे लिहिता येईल का? प्रमुख शिखर ३५.५ अंशांना आले आहे.

अनघा_ऐरोली

नाही लिहिता येणार. दोघांचीही संरचना स्पिनेल या एकाच प्रकारच्या स्फटिकाची आहे आणि नॅनोकणांची शिखरे इतकी रुंद असतात, की दोघांमधला सूक्ष्म फरक त्या रुंदीत बुडून जातो. खरा निवाडा मॉसबाउअर वर्णपटाने होतो, कारण त्यात फेरस आणि फेरिक लोहाची ओळख वेगवेगळी पटते. रामन वर्णपटही उपयोगी आहे. मॅग्नेटाइटचे शिखर ६७० प्रति सेंटिमीटरच्या आसपास आणि मॅग्हेमाइटची रुंद शिखरे ३५०, ५०० आणि ७०० च्या आसपास येतात. मात्र लेझरची शक्ती अगदी कमी ठेवायला सांगा. ती जास्त असेल तर नमुना लेझरखालीच तापून हेमॅटाइट होतो आणि तुम्ही तयार न केलेल्या पदार्थाचा वर्णपट तुमच्या प्रबंधात जातो. हवेत वाळवलेल्या १० नॅनोमीटरच्या कणांचा बाहेरचा भाग मॅग्हेमाइट झालेलाच असतो, म्हणून प्रबंधात "मॅग्नेटाइट-मॅग्हेमाइट मिश्रण" असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरेल.

तळोजा_जनरल_शिफ्ट

मी उत्पादनातला माणूस आहे, त्यामुळे सरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

आमच्याकडे हायड्रोजनेशनसाठी आजही कार्बनवरचे पॅलेडियम वापरले जाते. बॅच संपली की नायट्रोजनच्या दाबाखाली ते स्पार्कलर किंवा नटश या बंद प्रकारच्या फिल्टरवर अडवतात आणि ओले ठेवूनच उतरवतात, कारण हायड्रोजन शोषलेला उत्प्रेरक कोरडा झाला की हवेत पेट घेतो. फिल्टर उघडण्याचे हे काम कोणालाच आवडत नाही. त्यामुळे गाळण्याची पायरी टळत असेल तर उत्पादनातली माणसे ती आनंदाने स्वीकारतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. अडचणी पुढे येतात.

२५० मिलिलिटरच्या फ्लास्कला बाहेरून चुंबक लावता येतो. काही हजार लिटरच्या, जॅकेट असलेल्या ग्लास-लाइन्ड रिअ‍ॅक्टरला बाहेरून चुंबक लावून आत काहीच होत नाही. एक तर क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते आणि दुसरे म्हणजे ग्लास-लाइनिंगच्या मागचे कवच कार्बन स्टीलचे, म्हणजे स्वतःच चुंबकीय, असल्यामुळे ते क्षेत्र आपल्याकडेच ओढून घेते. म्हणून चुंबक आत न्यावा लागतो किंवा द्रावण चुंबकापर्यंत आणावे लागते. पावडरच्या लाइनमध्ये लोखंडाचा कीस पकडण्यासाठी जे मॅग्नेटिक ट्रॅप असतात, तशी रचना शक्य आहे: ३१६ स्टेनलेस स्टीलच्या नळकांड्यांत चुंबकाच्या कांड्या ठेवायच्या, द्रावण त्यांच्यावरून न्यायचे आणि नंतर कांड्या बाहेर ओढून उत्प्रेरक धुऊन परत रिअ‍ॅक्टरमध्ये सोडायचा. पण नेहमीच्या प्रतीचा निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर आपली शक्ती गमावू लागतो. गरम द्रावणासाठी समेरियम-कोबाल्ट घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा.

याहून मोठा प्रश्न पॅलेडियमचा आहे. औषधी द्रव्यात तोंडावाटे घेतल्या जाणाऱ्या पॅलेडियमची स्वीकार्य मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दिवसाचा डोस १० ग्रॅम असेल, तर उत्पादनात दहा लाखांत १० भागांपेक्षा जास्त पॅलेडियम चालत नाही. चुंबकाने कण ओढले जातात, विरघळलेले पॅलेडियम ओढले जात नाही. ते मदर लिकरमध्ये (माल वेगळा काढल्यावर उरलेल्या द्रावणात) किंवा थेट मालात जाते. शिवाय वापरलेला उत्प्रेरक शेवटी धातू परत मिळवण्यासाठी रिफायनरकडे जातो. कार्बन जाळून टाकता येतो, पण लोह आणि सिलिका तसे जळून जात नाहीत, त्यामुळे तिथेही हिशेब बदलतो.

एक मात्र सांगितले पाहिजे. चुंबकीय उत्प्रेरक उद्योगाला अगदीच अनोळखी नाहीत. निकेल स्वतः लोहचुंबकीय आहे, आणि रेनी निकेलचे (हायड्रोजनेशनसाठी वापरल्या जाणाऱ्या सच्छिद्र निकेलचे) बारीक कण चुंबकीय सेपरेटरने अडवण्याची व्यवस्था काही ठिकाणी असते. तिथे उत्प्रेरक धातू आणि चुंबक एकच असतात, त्यामुळे थर, बंध, आवरण या भानगडीच नाहीत.

विद्यार्थ्यांसाठी एक सूचना: चुंबकीय ढवळणीवर ही अभिक्रिया करू नका. सगळा उत्प्रेरक ढवळणाऱ्या कांडीला मिशांसारखा चिकटून बसतो आणि द्रावणात जवळजवळ काहीच उरत नाही. वरून मोटर असलेला यांत्रिक स्टरर वापरा.

कोलशेतकर

स्टररची सूचना मोलाची आहे. शोधनिबंधांत "सतत ढवळले" इतकेच लिहिलेले असते. आता पुनर्वापराच्या तक्त्याविषयी कोणी लिहावे. सात-आठ वेळा ९५ टक्के, हे खरे मानायचे का?

अनघा_ऐरोली

सर, आकडे बहुतेक वेळा खरेच असतात. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही, आणि या विषयातली सर्वांत मोठी गफलत मला तिथेच दिसते.

समजा, ताज्या उत्प्रेरकाने अभिक्रिया २० मिनिटांत ९९ टक्के पूर्ण होते, पण प्रयोग सहा तास चालवून मगच उतारा मोजला जातो. अभिक्रिया पहिल्या कोटीची धरली, तर वेगस्थिरांक मिनिटाला ०.२३ येतो. आता पाच वेळा वापरल्यानंतर उत्प्रेरकाची ९० टक्के सक्रियता गेली असे माना. वेगस्थिरांक ०.०२३ झाला. सहा तासांनी किती रूपांतर होईल? ९९.९ टक्क्यांहून जास्त! म्हणजे उत्प्रेरक जवळजवळ मेलेला आहे आणि तक्ता मात्र खुशाल आहे. म्हणून प्रत्येक फेरीत अभिक्रिया २० ते ४० टक्के झालेली असताना नमुना काढून सुरुवातीचा वेग मोजायला हवा आणि पुनर्वापराच्या तक्त्यात उताऱ्याऐवजी तो वेग द्यायला हवा. असा तक्ता दिसायला वाईट असतो, पण त्यातून काही कळते.

दुसरे, पॅलेडियम खरोखर कणावर बसून काम करते का? सुझुकी आणि तशाच प्रकारच्या हेक अभिक्रियांमध्ये पॅलेडियम पृष्ठभागावरून सुटून द्रावणात जाते, तिथे अभिक्रिया घडवते आणि कच्चा माल संपत आला की पुन्हा पृष्ठभागावर बसते, हे बऱ्याच घन उत्प्रेरकांबाबत दिसून आलेले आहे. शेवटी द्रावण थंड करून तपासले तर त्यात पॅलेडियम फारच थोडे सापडते आणि "लीचिंग नाही", म्हणजे धातू सुटून द्रावणात जात नाही, असा निष्कर्ष निघतो. खरी चाचणी अशी, की अभिक्रिया अर्ध्यावर असताना आणि द्रावण गरम असतानाच उत्प्रेरक वेगळा करावा, उरलेले स्वच्छ द्रावण त्याच तापमानाला चालू ठेवावे आणि रूपांतर पुढे वाढते का ते पाहावे. वाढले, तर काम विरघळलेले पॅलेडियम करत आहे. येथे केवळ चुंबकावर विसंबू नका. लोहचुंबक यांनी दाखवलेच आहे, की सुटे लहान कण चुंबकाला दिवसभर दाद देत नाहीत, त्यामुळे चुंबकानंतर बारीक छिद्रांच्या गरम गाळणीतूनही द्रावण काढावे. पारा घालून धातूचे कण निष्क्रिय होतात का हे पाहण्याची विषचाचणीही प्रचलित आहे, पण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा मुद्दा तुमच्या रचनेशीच निगडित आहे. सिलिकाचा थर श्टोबर यांच्या १९६८ च्या पद्धतीने, एथेनॉल, अमोनिया आणि टीईओएस (सिलिका देणारे सिलिकॉनचे संयुग) वापरून, सहज देता येतो. तो मॅग्नेटाइटला आम्लापासून वाचवतो आणि त्यावर अमिनो-सिलेन जोडून पॅलेडियम धरून ठेवता येते. पण सिलिका तीव्र अल्कलीत विरघळते. सुझुकी अभिक्रियेत तुम्ही पोटॅशियम कार्बोनेट आणि पाणी-एथेनॉलचे मिश्रण ७०-८० अंशांना तासनतास ठेवणार, म्हणजे दर फेरीत थराचा थोडा भाग आणि त्यासोबत त्यावरचे अमिनो गट वाहून जाणार. सहाव्या फेरीनंतर द्रावणात सिलिकॉन किती आले हे आयसीपीवर (मूलद्रव्यांचे सूक्ष्म प्रमाण मोजण्याच्या उपकरणावर) तपासलेले मी फार थोड्या शोधनिबंधांत पाहिले आहे. आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण-केंद्रात आयसीपीची सोय आहे, तिथे पॅलेडियम, लोह आणि सिलिकॉन अशी तिन्ही मूलद्रव्ये एकाच वेळी मागवा.

खाडीकाठ

वेगळ्या बाजूने विचारतो. पॅलेडियमचा सोस सोडून मॅग्नेटाइटच उत्प्रेरक म्हणून का वापरू नये? भिवंडीच्या रंगकामाच्या सांडपाण्यासारख्या पाण्यासाठी फेंटन प्रक्रिया जुनी आणि स्वस्त आहे. हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये फेरस क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या साहाय्याने टार्टरिक आम्लाचे ऑक्सिडीकरण नोंदवले. त्यात तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक रंगद्रव्ये फोडतात. अडचण अशी, की ही प्रक्रिया पीएच ३ च्या आसपास चांगली चालते आणि नंतर पाणी उदासीन केले की फेरिक हायड्रॉक्साइडचा गाळ मोठ्या प्रमाणात पडतो. तो घातक कचरा म्हणून पाठवण्याचा खर्च रसायनांच्या खर्चाला मागे टाकू शकतो. मॅग्नेटाइटमध्ये फेरस लोह आहेच, आणि ते घन असल्यामुळे गाळ पडणार नाही. मॅग्नेटाइटचे नॅनोकण पेरॉक्सिडेज विकरासारखे वागतात, हे चिनी संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले, तेही अनपेक्षितपणे, कारण तोवर हे कण निष्क्रिय आधार मानले जात होते.

लोहचुंबक

कल्पना चांगली आहे, पण प्रश्न तोच उरतो. पीएच ३ ला मॅग्नेटाइट थोडे विरघळते. मग रंग कोणी घालवला, कणाने की विरघळलेल्या लोहाने? पीएच ७ ला विरघळणे थांबते, पण वेगही फार घटतो. शिवाय १० नॅनोमीटरच्या कणांचे पृष्ठफळ हिशेबाने ग्रॅममागे सुमारे ११५ चौरस मीटर येते. इतक्या पृष्ठभागावर रंग नुसता चिकटूनही पाणी स्वच्छ दिसू शकते.

खाडीकाठ

मान्य. त्यासाठी पेरॉक्साइड न घालता केवळ मॅग्नेटाइट घातलेला आणि मॅग्नेटाइट न घालता केवळ पेरॉक्साइड घातलेला, असे दोन्ही कोरे प्रयोग करावे लागतील. रंग गेला म्हणजे रेणू मोडला असे नव्हे, म्हणून एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा. सीओडी (डायक्रोमेटने मोजली जाणारी रासायनिक ऑक्सिजन-मागणी) मोजायचा असेल तर उरलेले पेरॉक्साइड आधी नष्ट करावे लागते, नाहीतर तेही डायक्रोमेट खाते आणि सीओडी खोटा वाढतो. चुंबकाने न पकडलेले कण खाडीत जाणार असतील, तर गाळाचा प्रश्न सोडवून दुसरा उभा केल्यासारखे होईल, हेही आहेच. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे.

तळोजा_जनरल_शिफ्ट

खाडीकाठ, सांडपाण्यात चुंबकीय पृथक्करण रिअ‍ॅक्टरपेक्षा जास्त शक्य वाटते. तिथे तापमान कमी, द्रावक पाणी आणि प्रवाह सलग असतो. चिनी मातीतून लोहाची अशुद्धी काढण्यासाठी स्टेनलेस स्टीलच्या लोकरीतून प्रवाह नेऊन बाहेरून तीव्र क्षेत्र लावण्याची उच्च-ढालीची चुंबकीय पद्धत अनेक दशके वापरात आहे. तारेजवळ क्षेत्राचा उतार प्रचंड असल्यामुळे लहान कणही अडकतात. हातातल्या चुंबकाशी त्याची तुलना होत नाही.

लोहचुंबक

एक विषयाला धरूनच असलेली बाजू सांगतो. चुंबकत्वाचा उपयोग कण ओढण्यापुरताच मर्यादित नाही. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात हे कण स्वतःच तापतात, म्हणजे संपूर्ण रिअ‍ॅक्टर तापवण्याऐवजी उत्प्रेरकाचा पृष्ठभागच तापवता येतो. लोह कार्बाइडचे नॅनोकण वापरून कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवण्याचे या पद्धतीचे काम फ्रान्समधल्या तुलूझ येथे झाले आहे, आणि योगायोग असा, की ज्यांच्या नावाने ही मिथेनची अभिक्रिया ओळखली जाते ते पॉल साबातिए तुलूझचेच प्राध्यापक होते. येथे क्यूरी तापमानही कामी येते. ते ओलांडले की पदार्थाचे लोहचुंबकत्व जाते आणि तापणे आपोआप मंदावते. निकेलसाठी ते ३५८ अंश आहे, मॅग्नेटाइटसाठी ५८५. माझ्या दृष्टीने या कणांचे खरे भवितव्य गाळण्यापेक्षा या तापण्यात आहे.

कोलशेतकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चर्चेनंतर आराखडा बदलला आहे. मॅग्नेटाइटचे पुंजके एथिलीन ग्लायकॉलमध्ये बनवू. सिलिकाऐवजी एका तुकडीवर कार्बनचा थर देऊन दोन्हींची तुलना करू, कारण कार्बन अल्कलीत विरघळत नाही. आयोडोबेंझीन आणि फिनाइलबोरॉनिक आम्ल यांची अभिक्रिया यांत्रिक स्टररने करून प्रत्येक फेरीत सुरुवातीचा वेग मोजू, गरम गाळणीची चाचणी करू आणि आयसीपीवर तिन्ही मूलद्रव्ये तपासू. पॅलेडियम नसलेल्या आधाराचा आणि कशाचाच समावेश नसलेला, असे कोरे प्रयोगही होतील. फेऱ्या आठऐवजी चारच होतील, वेळ तेवढाच आहे. कार्बनच्या थरासाठी सोपी पद्धत कोणती?

अनघा_ऐरोली

पुंजके ग्लुकोजच्या द्रावणात पसरवून ऑटोक्लेव्हमध्ये १८० अंशांना काही तास ठेवा, कार्बनयुक्त थर त्यांवर बसतो. ग्लुकोज जास्त झाले तर कार्बनचे सुटे गोळेही तयार होतात आणि ते चुंबकाला येत नाहीत, त्यामुळे चुंबकाने दोन-तीनदा धुतले की निघून जातात. हा थर पाण्याला अनुकूल असतो, पण पॅलेडियम धरण्यासाठी अमिनो-सिलेनइतका पक्का बंध त्यात नाही. त्यामुळे पहिल्याच फेरीत लीचिंग जास्त दिसले तर आश्चर्य वाटू देऊ नका, आकडा आहे तसा लिहा.

भाग_दोन

चुंबक थेट द्रावणात बुडवला तर लवकर वेगळे होईल का?

तळोजा_जनरल_शिफ्ट

लवकर होईल, पण कण चुंबकावरून निघणार नाहीत आणि निकेलचा मुलामा कुठे उडालेला असेल तर आतला धातू गंजून तुमच्या आयसीपीत जादाचे लोह येईल. चुंबक जाड टेस्ट-ट्यूबमध्ये ठेवून ती ट्यूब द्रावणात बुडवा, आणि कण सोडवायचे असतील तेव्हा आधी चुंबक ट्यूबमधून बाहेर काढा.